मध्ययुगीन छावणीसाठी घेतलेली सुती राहुटी: मार्च ते ऑक्टोबरचा अनुभव

आधी निकाल सांगते. राहुटी झकास आहे, पण भिजल्यावर ती पसरून ठेवायला गॅरेज, पडवी, निदान एक रिकामी खोली नसेल तर घेऊ नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एखाद्या गॅरेजवाल्याशी मैत्री करावी आणि मगच पैसे भरावेत.

आम्ही इंग्लंडात मिडलंड्सला राहतो. 'वॉर्स ऑफ द रोझेस', म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेली यादवी, तिच्यातल्या लढाया मैदानावर पुन्हा उभ्या करणाऱ्या एका गटात नवरा आणि मी दोघंही आहोत. मोसमातला आमचा मोठा कार्यक्रम ट्यूक्सबरीचा. मूळ लढाई 4 मे 1471ची, जत्रा मात्र जुलैत भरते. ऑगस्टमध्ये बॉसवर्थच्या लढाईचा. दोन्हीकडे दोन छावण्या असतात. नायलॉनचे तंबू, खुर्च्या, गॅसच्या शेगड्या लांब एका कोपऱ्यात. त्याला सगळे सरळ 'प्लॅस्टिक कॅम्प' म्हणतात. आणि लोकांना बघायला खुली असलेली जुन्या वळणाची छावणी. तिथे राहायचं तर राहुटी कॅनव्हासचीच हवी.

आमची दोन उभे खांब आणि वर आढं अशी साधी, दोन उतारांची आहे. कापड शंभर टक्के सुती, चौरस मीटरला साधारण 400 ग्रॅमचं. नवी राहुटी थेट कार्यक्रमाला नेऊ नका. आधी घरामागे उभी करून पाइपने चिंब भिजवा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा भिजवा. सूत फुगतं आणि शिवणीतली सुईची भोकं बुजतात. पहिल्या भिजवणीला आमच्या शिवणीतून थेंब टपकत होते, दुसऱ्या वेळी बंद. पाऊस चालू असताना आतून कापडाला पाठ किंवा सामान टेकू द्यायचं नाही, नाहीतर तिथूनच पाणी झिरपायला लागतं. तणावे सुती किंवा तागाचे असतील तर पावसात आखडतात. रात्री झोपण्याआधी थोडे सैल सोडा, नाहीतर पहाटे मेखा उपटलेल्या सापडतील. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्या माणसाला हे शिकायला वेळ लागत नाही. फक्त इथला पाऊस कोसळत नाही, दिवसभर चिकटून बसतो.

खरा त्रास रविवारी संध्याकाळी सुरू होतो. ओलं कापड घडी करून गाडीत कोंबलं की दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके, आणि ते जात नाहीत. गटातल्या एकांच्या राहुटीवर बघितलेत, पाठीवर तीळ असावेत तसे. आम्ही घरी पोचलो की जेवणाआधी गॅरेजात दोरीवर टाकतो, दुसऱ्या दिवशी उलटतो. शिवणी आणि खालची किनार सगळ्यात शेवटी वाळते. तिथे हात लावून बघायचा, मगच घडी.

अंगावरच्या कपड्यांचंही तेच. जॅक, म्हणजे लिननचे थर शिवून केलेला जाड अंगरखा, जुलैच्या उन्हात घामाने पिळून काढावा इतका भिजतो, आणि धुता येत नाही. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या फर्मानात सैनिकांसाठी 25 ते 30 थर आणि वर हरणाचं कातडं सांगितलंय. नवऱ्याच्या जॅकला त्याच्या निम्मेही नाहीत, तरी तो दर वेळी कुरकुरतो. उपाय: उलटा करून वाऱ्यावर टांगा, आतून स्वस्तातली व्होडका फवारा. वास जातो. (आईला फोनवर हे सांगितलं, तिने विषय बदलला.) लोकरीची टोपी आणि पायमोजे मात्र बिनतक्रार. लोकर बराच ओलावा पोटात घेते तरी अंगाला गार लागत नाही.

अंथरुणाला पेंढा भरलेली गादी आणि वर सोलापूरकडून आणलेली काळी घोंगडी. आमच्याकडे सामान त्या काळाला शोभतंय का हे तपासणारे एक आजोबा आहेत, प्लॅस्टिकचं बटण दहा हातांवरून ओळखतात. त्यांनी घोंगडी उलटसुलट केली, वीण बोटाने चाचपली, "हातमागाची?" एवढंच विचारलं आणि पुढे गेले. खाली स्लीपिंग बॅग होती, पण झाकलेली असली की ती त्यांना दिसत नाही. कूलबॉक्सही असाच, लाकडी पेटीत.

तक्रार एकच, पण मोठी. तीन मीटरचं आढं गाडीत मावावं म्हणून दोन तुकड्यांत येतं, मध्ये लोखंडी नळी. ती नळी ऑगस्टपर्यंत ढिली झाली आणि आढं मधोमध वाकायला लागलं. विकणाऱ्याला फोटो पाठवले, "लाकूड आटतं" असं उत्तर आलं. शेवटी लाकडाच्या वखारीतून अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा अखंड वासा आणला. आता तो गाडीच्या टपावर बांधून नेतो.

खांब-मेखांसकट साडेपाचशे पौंड पडले. नुसत्या कापडाचं ओझंच दोघांनी उचलावं इतकं आहे. सोबत आलेल्या लाकडी मेखा ट्यूक्सबरीच्या उन्हात कडक झालेल्या जमिनीत फुटल्या. लोहाराकडच्या लोखंडी घ्या, आणि ठोकायला मोगरी घरूनच न्या, कारण छावणीत ती उसनी मागणारे दहा आणि देणारा एक असतो.