पद्मिनीसाठी फॅसेटचा विजेवरचा फ्युएल पंप: निवड, बसवणी आणि दोन उन्हाळ्यांचा अनुभव

मे महिन्याच्या दुपारी खंबाटकी घाटात बॉनेट उघडून, इंजिनाच्या कडेच्या पंपावर ओले फडके टाकून, गाडी पुन्हा चालू होण्याची वाट पाहत जे कधी उभे राहिले आहेत, त्यांना या परीक्षणाचे प्रयोजन वेगळे सांगायला नको. वडिलांनी १९८४ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या घरी आहे. तिचा मूळचा यांत्रिक पंप, ज्याला जुने मिस्त्री एसी पंप म्हणतात, तो काढून त्याच्या जागी फॅसेट या अमेरिकी बनावटीचा विजेवर चालणारा छोटा चौकोनी पंप बसवल्याला आता दोन उन्हाळे झाले. पंप मला मनापासून आवडला आहे. मात्र तो चुकीच्या दाबाचा घेतला किंवा चुकीच्या जागी बसवला, तर त्याच्यावर केलेला खर्च वाया जातो, आणि प्रसंगी तो धोक्याचाही ठरतो.

पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, तापलेल्या इंजिनाला चिकटून असतो. त्यामुळे पंपाला गाडीच्या संपूर्ण लांबीतून पेट्रोल ओढून आणावे लागते. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळू लागते, आणि पंपात वाफ शिरली की त्याचा डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा, नुसता हलत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलची वाफ अधिक सहज होत असल्यामुळे हा त्रास वाढला आहे. माझ्या गाडीत याच्या जोडीला आणखी एक दुखणे होते. डायफ्रॅमला बारीक चीर पडून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू लागले होते, आणि डिपस्टिक ओढून नाकाशी धरली की पेट्रोलचा वास स्पष्ट येत असे. पाठोपाठ दोन दुरुस्ती किट बसवून पाहिले, पण दोन्हींचे रबर वर्षभरात कडक झाले. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींमुळे सुट्या भागांना जे हक्काचे गिऱ्हाईक होते तेच आता उरलेले नाही, त्यामुळे चांगल्या किटसाठी शोधाशोध करावी लागते. ज्यांचा मूळ पंप धडधाकट आहे आणि ज्यांची गाडी उन्हात दगा देत नाही, त्यांनी तो केवळ हौसेखातर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडीकडे वळतो. दुकानात गेल्यावर पंप तासाला किती पेट्रोल देतो हे आधी सांगितले जाते, पण आपल्या कामाचा आकडा दाबाचा असतो. पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीने चालवले, तरी माझ्या हिशेबाने तासाला बारा लिटरच्या आसपासच पेट्रोल पिते, आणि बाजारातला लहानात लहान पंपही याच्या कितीतरी पट देतो. दाबाचे तसे नाही. पद्मिनीच्या सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, साधारण २ ते ३ पी.एस.आय. (पाउंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. त्याहून जास्त झाला की आतला तरंगता फ्लोट पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या नीडलला रेटू शकत नाही, नीडल उचलली जाते आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. एम.पी.एफ.आय., म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या, गाड्यांचे पंप ४० पी.एस.आय.च्या वर दाब देतात, तेव्हा त्यांचा विचारही नको.

हे मी अनुभवातून शिकलो. पहिला पंप मी पुण्यातल्या एका दुकानातून, खोक्यावर कोणतेही नाव किंवा दाबाचा आकडा नसलेला, केवळ स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. तो चालू करताच अर्ध्या मिनिटात कार्ब्युरेटरच्या सांध्यातून पेट्रोल पाझरून खालच्या मॅनिफोल्डवर थेंब पडू लागले. सुदैवाने इंजिन थंड होते. नंतर मीटर लावून पाहिले, तेव्हा काटा साडेसहाच्या पुढे गेला. तेव्हापासून दाबाचे मीटर लावल्याशिवाय मी कोणताही पंप गाडीत चालू करत नाही.

फॅसेटचे चौकोनी पंप निरनिराळ्या दाबांचे मिळतात आणि बाहेरून जवळपास सारखेच दिसतात, म्हणून खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्यावा. माझा पंप दीड ते चार पी.एस.आय. या पट्ट्यातला आहे, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मीटरने पावणेतीन दाखवले. त्यामुळे वेगळ्या रेग्युलेटरची गरज पडली नाही. आत विजेच्या कॉइलने मागेपुढे होणारा एक दट्ट्या असतो आणि कॉइलची उघडझाप इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते. मॉरिस मायनरवरच्या जुन्या एसयू पंपात हेच काम पॉइंट, म्हणजे उघडमीट होणारे धातूचे संपर्क, करत. ते करपले की पंप अडे, आणि मालक पान्याच्या दांड्याने त्याला ठोकून जागे करीत. फॅसेटमध्ये पॉइंटच नसल्यामुळे ती कटकट नाही. मात्र त्याला वीज सुलटीच द्यावी लागते, त्यामुळे ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, त्यांच्या मालकांनी तार जोडण्यापूर्वी हे जरूर तपासावे. पद्मिनीत निगेटिव्ह टोकच बॉडीला असल्याने ही अडचण येत नाही.

बसवणीच्या दिवशी माझा विचार पंप बॉनेटखाली, हाताशी राहील असा लावण्याचा होता. आमच्या मिस्त्रींनी मला तिथेच थांबवले. “साहेब, हा ढकलणारा पंप आहे, ओढणारा नाही. पुढे लावलात तर पुन्हा घाटात फडके घेऊन उभे राहाल,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. पंप टाकीच्या जवळ आणि शक्यतो तिच्या तळाच्या पातळीला किंवा थोडा खाली असला, की पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि दाबाखालचे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. आम्ही तो मागच्या बाजूला, गाडीच्या तळाच्या पत्र्याला, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला आणि चाकाने उडवलेले दगड लागणार नाहीत अशा आडोशाला लावला. पेट्रोल बाहेर पडण्याचे तोंड वरच्या बाजूला ठेवले, म्हणजे आत हवा अडकून राहत नाही. डिकीच्या आत पंप लावू नये. गळती झाली तर वाफ थेट बसण्याच्या जागेत येते.

पंपाच्या आधी गाळणी हवीच, कारण चाळीस वर्षांच्या टाकीतला गंज दट्ट्याला अडकवतो. पण ती जाळीची, थोडी मोकळी असावी. बारीक कागदी फिल्टर आधी लावला तर पंपाचा श्वास कोंडतो आणि वाफेचा त्रास आपणच मागच्या दाराने परत आणतो. कागदी फिल्टर पंपानंतर लावला. होजपाइप मात्र इथेनॉलला टिकणाराच घ्यावा. साध्या काळ्या रबरी नळीला वर्षभरात बारीक भेगा पडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

सर्वांत जास्त वेळ एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने खाल्ला. माझ्या पंपाच्या तोंडांना अमेरिकी पद्धतीचे एक सुताचे, म्हणजे एक अष्टमांश इंचाचे एन.पी.टी. आटे आहेत, तर आपल्या बाजारात सहज मिळणारे पितळी निपल बी.एस.पी. आट्यांचे असतात. एकाला इंचात २७ आटे, दुसऱ्याला २८. दोन फेरे निपल अगदी गोडीने आत जाते, तिसऱ्या फेऱ्याला जड होते, आणि आपल्याला वाटते की घट्ट बसले. प्रत्यक्षात आटे एकमेकांवर चढलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी सांध्याखाली ओला डाग दिसतो. योग्य आट्यांची निपल पंपासोबतच मागवावीत. टेफ्लॉन टेपचा धागा सुटून नीडलखाली अडकू शकतो, म्हणून पेट्रोलला चालणारे सीलंट वापरावे.

विजेच्या जोडणीत काटकसर करू नये. पंप फारतर दीड अँपिअर घेतो, पण त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले दिली, आणि अर्थिंगची तार रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्याला जोडली. यांत्रिक पंप इंजिन थांबले की आपोआप थांबतो. विजेचा पंप मात्र अपघातानंतरही, किल्ली चालू असेपर्यंत, तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहील. यासाठी ऑइल प्रेशर स्विच बसवला. सेल्फ मारताना स्टार्टरकडून आणि इंजिन चालू झाल्यावर तेलाच्या दाबामुळे पंपाला वीज मिळते, इंजिन बंद पडले की पंपही बंद. हा स्विच नसेल तर हे काम अर्धवट झाले असे मी समजतो. जुना पंप मात्र रांगेत ठेवू नये. त्याचा डायफ्रॅम फाटला, तर नवा पंप पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये ढकलेल. तो काढून त्या जागी गॅस्केटसह पत्रा बसवावा.

डॅशबोर्डखाली मी एक दाबबटण ठेवले आहे. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते, आणि पूर्वी बॅटरी दमेपर्यंत सेल्फ मारावा लागत असे. आता बटण दाबून धरले की मागून टक-टक-टक असा भरभर आवाज येतो, दहा-बारा सेकंदांत फ्लोटची वाटी भरते, तसा तो आवाज संथ होत जातो, आणि तो संथ झाला की गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. हा आवाज सुरुवातीला आत फार जाणवत होता. पंप पत्र्याला थेट न कसता रबरी बुशांवर घेतल्यावर तो बराच दबला, तरी सिग्नलला उभे असताना ऐकू येतोच, आणि ज्यांना जुन्या गाडीची शांत आयडलिंग प्रिय आहे त्यांना तो खटकेल.

किंमत बिननावाच्या पंपांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि बनावट मालही दिसतो, म्हणून बिलासह, परत घेण्याची हमी देणाऱ्याकडूनच घ्यावा. गेल्या दोन मे महिन्यांत मी खंबाटकी चार वेळा चढलो, त्यातले दोनदा पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन. ओले फडके अजून डिकीत आहे, काच पुसायला.