जुन्या रेसिंग आणि पझल गेम्सपैकी आधी कुठला घ्यावा?

जुने गेम पहिल्यांदाच खेळायला घेणार असाल तर ग्राफिक्स बघून निवडू नका. चूक झाल्यावर गेम तुमच्याशी कसा वागतो ते बघा. तो तुम्हाला मानवेल की नाही, हे बहुतेक वेळा तिथंच ठरतं.

रेसिंगमधली खरी निवड माझ्या मते 'रोड रॅश' (१९९१) आणि 'ग्रान टुरिस्मो' (१९९७) यांच्यात आहे. रोड रॅश चुका पोटात घालतो. समोरच्या गाडीवर आदळून बाइकवरून उडालात, तरी तुमचा गडी उठतो, धावत बाइक गाठतो आणि शर्यत पुढे चालू. शेजारच्यानं दांडका उगारला की नेमक्या क्षणी ठोसा मारून तो हिसकावून घ्यायचा आणि त्याच्यावरच चालवायचा, यातली मजा अजून जशीच्या तशी आहे. पोलिसानं धरलं तर दंड, बाइक मोडली तर दुरुस्तीचा खर्च. तेवढे पैसे नसले तर मात्र खेळ खलास.

ग्रान टुरिस्मोत पुढच्या शर्यती हव्या असतील तर आधी लायसन्स काढावं लागतं. सुरुवातीची परीक्षा अगदी साधी: सरळ रस्त्यावर वेग घ्यायचा आणि आखलेल्या पट्ट्यात गाडी थांबवायची. ब्रेक उशिरा लागला की गाडी पट्ट्याबाहेर, लवकर लागला की वेळ हुकते. इथंच कळतं की या गाडीला वजन आहे. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच उतरवायचा, हे हाताला कळेपर्यंत वैताग येतो. एकदा जमलं की पुढच्या चाकांवर चालणारी आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी यांतला फरक डोळे मिटूनही सांगाल. चिकाटी असेल तर हाच घ्या.

वेळ कमी असेल तर 'आउटरन' (१९८६). आधी गाणं निवडायचं, मग घड्याळाशी स्पर्धा. शेवटचा सोडला तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे जायचं की उजवीकडे ते तुम्ही ठरवायचं. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' (२००५) शर्यतींसाठी घेऊ नका. कितीही पुढे गेलात तरी मागचे येऊन चिकटतात, ते मला खटकतं. पोलिसांचे पाठलाग मात्र जबरदस्त आहेत.

पझलमध्ये 'टेट्रिस' सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे एकच सांगतो: जुन्या आवृत्त्यांत लांब दांडी कितीतरी वेळ येतच नाही. अलीकडच्या आवृत्त्या सातही तुकडे पिसून वाटतात, त्या नवख्याला बऱ्या. 'सोकोबान' (१९८२) याच्या अगदी उलटा. घाई नाही, नशीब नाही. खोकी ठरलेल्या जागी न्यायची, पण ती फक्त ढकलता येतात, ओढता येत नाहीत. खोकं भलत्या कोपऱ्यात गेलं की ते तिथंच राहणार. चाल करण्याआधी पाचसहा चाली पुढचं बघायची सवय असेल तरच याच्या वाटेला जा.

माझा जीव 'लेमिंग्ज'वर (१९९१) आहे. यात विचारही लागतो आणि हातही चालावा लागतो. ही चिमुकली मंडळी समोर कडा असला तरी चालतच राहतात. आठ कौशल्यं योग्य वेळी योग्य जणाला द्यायची आणि ठरलेल्या संख्येइतके जीव दारापर्यंत पोचवायचे. जिना बांधणारा बारा पायऱ्या रचतो, शेवटच्या तीन पायऱ्यांना टिकटिक आवाज येतो, मग तो खांदे उडवतो. तो खांदे उडवत असतानाच पुन्हा क्लिक केलं तर जिना पुढे वाढतो, नाहीतर त्याची पावलं चालू लागतात. चूक होते तेव्हा ती कुठं झाली हे डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून पुन्हा लेव्हल सुरू करताना राग येत नाही, उलट हुरूप येतो.

दोन्ही प्रकारांतून एकेकच घ्यायचा असेल तर ग्रान टुरिस्मो आणि लेमिंग्ज घ्या. लेमिंग्ज मात्र माउसवरच खेळा. गर्दीतून नेमका एक जण टिपायला दुसरं काही कामाचं नाही.