श्वसनमार्गाच्या अ‍ॅलर्जीसाठी साधं योगर्ट की प्रोबायोटिक?

साध्या योगर्टमध्ये दूध आंबवणारे दोन जिवाणू असतात: लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. पोटातलं आम्ल आणि पित्त यांपुढे ते फारसे तग धरत नाहीत. प्रोबायोटिक योगर्टमध्ये वरून निवडक जिवाणू घातलेले असतात, उदाहरणार्थ लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी. ते आतड्यापर्यंत जिवंत पोचण्याची शक्यता जास्त.

खरी मेख इथेच आहे. अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिन प्रथिनाने दम्यासारखी अवस्था निर्माण केलेल्या उंदरांना असे काही जिवाणू दिल्यावर फुप्फुसांतल्या इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घटल्या. आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ ही दाह पेटवणारी प्रथिनंही कमी झाली आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढल्या. सगळ्याच जिवाणूंना हे जमत नाही. शिवाय माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे! अ‍ॅलर्जीच्या सर्दीत काही चाचण्यांत थोडा आराम दिसला, दम्याबाबत पुरावा तोकडाच.

त्यामुळे जास्त पैसे मोजायचेच तर डब्यावर जिवाणूचं पूर्ण नाव शोधा. नुसता 'प्रोबायोटिक' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. पोषणापुरतं साधंही तितकंच चांगलं. दुधाच्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी असेल तर दोन्ही वर्ज्य. आणि इनहेलर मात्र यांपैकी कशाच्याही भरवशावर बंद करू नका.