इलेक्ट्रिक की पेट्रोल: पुण्यात दोन्ही वापरल्यानंतरचा हिशेब

चार मीटरच्या आतल्या दोन एसयूव्ही. एक ४५ युनिटची (किलोवॉट-अवरची) बॅटरी असलेली इलेक्ट्रिक, दुसरी १.२ लिटर टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक. दोन्ही एकाच घरात, एकाच रस्त्यांवर बरेच महिने चालल्या: रोजचं कोथरूड-हिंजवडी, अधूनमधून मुंबई, कधी कोल्हापूर, कधी महाबळेश्वर. पुढचे आकडे याच वापरातले आहेत. दर पुढेमागे होतील, हिशेबाची रीत तीच राहील. आधी निकाल सांगून टाकतो. पार्किंगच्या जागेपर्यंत तुमची स्वतःची वीज पोचत असेल आणि महिन्याला हजार किलोमीटरच्या वर फिरणं असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. पहिली अट पुरी होत नसेल तर पेट्रोलच घ्या, मग फिरणं कितीही असो.

खर्चापासून सुरुवात करू. टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक चांदणी चौक आणि वाकडच्या गर्दीत ११ ते १२ ॲव्हरेज देते. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला ९ रुपये. इलेक्ट्रिक त्याच रस्त्यावर बॅटरीतल्या एका युनिटमध्ये ८ किलोमीटर जाते, पण हा आकडा डॅशबोर्डवरचा. बिल येतं ते मीटरवरच्या युनिटचं, आणि घरच्या (एसी) चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज वाटेत जाते. त्यामुळे हिशेबात युनिटला ७ किलोमीटरच धरा.

आता युनिटचा भाव. घरच्या मीटरवरून चार्ज केलं की ते युनिट घराच्या वापराच्या वर जाऊन बसतं. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. महिन्याला १,२०० किलोमीटरला साधारण १७० युनिट लागतात. घरात आधीच अडीचशे युनिट जात असतील तर गाडीची बहुतेक वीज तीनशेच्या वरच्या दराने पडते, त्यावर १६ टक्के वीजशुल्क. असं युनिट सगळं धरून १७ रुपये मानलं तर किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. वाहन चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं आणि युनिट १० रुपयांना पडलं, तर १ रुपया ४० पैसे. तुलना अर्थात नऊ रुपयांशी आहे, म्हणून दोन्हींत इलेक्ट्रिक जिंकते, पण वेगळं मीटर न घेतल्यास महिन्याला हजार-बाराशे रुपये उगाच जातात.

गाडीच्या किमतीतला फरक मात्र वाढला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच होता, तिथे काही कमी झालं नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि २० लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स लागतो, तो इलेक्ट्रिकचा वाचतो. तरीही ऑन-रोड साडेतीन लाखांचा फरक धरून चाला. महिन्याला १,२०० किलोमीटर शहरात फिरलं तर वर्षाला लाख रुपयांच्या आसपास वाचतात, म्हणजे सव्वातीन-साडेतीन वर्षांत फरक फिटतो. ५०० किलोमीटरच फिरणं असेल तर आठ वर्षांच्या आसपास. त्यात जादा कर्जाचं व्याज आणि जादा विम्याचा हप्ता मिळवला की ते गणित जुळतच नाही. कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकर सवलत ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना नाही. अजूनही काही विक्रेते ती तोंडी हिशेबात धरतात, तिकडे लक्ष ठेवा.

आता पार्किंगमधल्या विजेबद्दल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रोजच्या ४० किलोमीटरला मीटरवर पावणेसहा युनिट लागतात. साध्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून गाडी १३ ॲम्पिअर, म्हणजे ३ किलोवॉट घेते. दोन तासांत काम होतं. २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला साडेतेरा तास लागतात खरे, पण रोज रात्री लावली तर तशी वेळ क्वचित येते. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, हेच काम साडेपाच तासांत करतो, मात्र त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो आणि वायरिंग जाड लागतं. एकाच गाडीसाठी, रोजच्या शहरी वापराला, मी वॉलबॉक्सवर पैसे घालणार नाही.

सॉकेट साधं असलं तरी काम साधं नाही. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी १३ ॲम्पिअर सलग दोन तास, कधी आठ-दहा तासही ओढते. मीटर रूमपासून स्वतंत्र तांब्याची वायर, किमान ४ चौरस मिलिमीटरची. २० ॲम्पिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरचं गळती संरक्षण असलेला आरसीबीओ. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आतला स्क्रू किंवा पिनची पकड सैल आहे, ताबडतोब बंद करा. सॉकेट पिवळं पडून वितळायची सुरुवात अशीच होते. वॉलबॉक्सच लावायचा असेल तर वायरची लांबी मोजा. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ ॲम्पिअरला ४० मीटर अंतरात ९ ते १० व्होल्ट पडतात. मीटर रूम दुसऱ्या विंगमध्ये असेल तर १० चौरस मिलिमीटरचीच घ्या.

चार्जर लाल दिवा दाखवून थांबला तर दहांपैकी बऱ्याच वेळा दोष गाडीत नसतो, अर्थिंगमध्ये असतो. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज पाहा. दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं, पाचच्या वर गेलं की बरेच चार्जर नकार देतात. पुण्यात मुरमाखाली खडक आहे, आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. हिवाळ्यात नीट चालणारा चार्जर उन्हाळ्यात अडतो तो यामुळे. खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालून पाहा. तात्पुरता फरक पडला तर केमिकल अर्थिंग (ओलावा धरून ठेवणारा मसाला भरलेलं) करून घ्या. सोसायटीच्या कमिटीकडे एनओसीचा अर्ज देताना वायरचा मार्ग, एमसीबीचं रेटिंग आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं नाव लिहून द्या. आगीची भीती हा कमिटीचा पहिला आक्षेप असतो आणि तो रास्त आहे, त्याला कागदावर उत्तर हवं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून बुधवारी रात्री गाडी भरून ठेवलेली बरी.

रेंजवर फार चर्चा होते, तेवढी गरज नाही. कंपनी पाचशेच्या जवळपासचा आकडा लिहिते. एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेची चाचणी रोलरवर ठरलेल्या चक्रात होते, हायवेवर सलग शंभरने होत नाही. शहरात एसी लावून ३२० ते ३६० किलोमीटर मिळतात. ताशी १०० च्या वेगात किलोमीटरला १६० वॉट-अवर लागतात, १२० ला गेलं की १९० च्या पुढे. कोल्हापूरला जाताना ९० टक्क्यांवरून १० पर्यंत सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे पोचता पोचता संपते. साताऱ्यात किंवा कराडला वीस-पंचवीस मिनिटं थांबायचंच, असं धरून निघा.

मुंबईचा प्रवास जाता-येता वेगळा असतो. येताना खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण आहे. चार माणसं आणि सामान धरून १,८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या चढाचे ३ युनिट लागतात, वर रस्त्याचा नेहमीचा खर्च. दहा-बारा किलोमीटरमध्ये बॅटरी १० टक्क्यांनी उतरते आणि उरलेली रेंज भराभर कमी होताना दिसते. घाबरायचं कारण नाही, लोणावळ्यापुढे आकडा स्थिरावतो. जाताना उतारावर रीजेनने (वेग कमी करताना मोटर उलट वीज बनवते त्याने) यातली अर्ध्याहून जास्त वीज परत मिळते. महाबळेश्वरहून उतरतानाही तसंच, मात्र हॉटेलवर १०० टक्के भरून निघालात तर बॅटरीत जागाच नसते आणि पसरणी घाटात सगळा भार ब्रेकवर येतो. ८५ ला थांबवा.

मुंबईला जाऊन त्याच चार्जवर परत यायचं गणित बसत नाही. मुंबईत मुक्कामी नाहीतर फूड मॉलला चार्ज करावंच लागतं. एक्सप्रेसवेवर मोटारीला एका बाजूचा टोल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला, राज्याच्या २०२५ च्या धोरणाने तो इलेक्ट्रिकला माफ झाला. फास्टॅगमधून तरीही कापला गेला तर वाहन नोंदणीत इंधनाचा प्रकार बरोबर आहे का पाहून तक्रार करा. कोल्हापूर रस्त्यावरचे खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे हे नाके राष्ट्रीय महामार्गाचे, तिथे ही माफी लागू नाही.

फास्ट चार्जरवर युनिट २२ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६. हायवेला किलोमीटरला सव्वाचार रुपये पडतात, पेट्रोलचे साडेसहा ते सात. घरी चार्जिंग नसलेल्या माणसाला रोज याच भावात फिरावं लागतं, वर रांग. म्हणूनच सुरुवातीची अट. चार्जरवर १० टक्क्यांना पोचू नका, ३० ला पोचा, म्हणजे बंद निघाला तर पुढचा गाठता येतो. ६० किलोवॉटच्या चार्जरला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतील आणि शेजारी गाडी लागलेली असेल तर वाट्याला ३० येतात. चार्जिंग सुरू होत नसेल तर आधी लाल इमर्जन्सी बटण कोणी दाबून ठेवलंय का पाहा, मग गन काढून गाडी लॉक-अनलॉक करून पुन्हा लावा. तीन-चार ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवा. घाटात ओटीपी येत नाही.

देखभाल स्वस्त आहे: इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत. टायर मात्र लवकर झिजतात. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही, असं झालं तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा.

पावसाळ्यात बॅटरीची आयपी ६७ खूण म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढंच. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत शिरलं तसं. असा इशारा आला की चार्जिंग एमसीबीवरून बंद करून गाडी वर काढा. गाडी बुडालीच तर ती सुरू करू नका, चार्जर लावू नका, टो करून न्या. विमा घेताना बॅटरी संरक्षणाचं ॲड-ऑन पॉलिसीत छापलेलं आहे का, ते सही करण्याआधी वाचा.