गमबूटचा रिव्ह्यू: अ‍ॅनिमल कीपरच्या कामात सात महिने वापरून

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ शेतीसामानाचं एक दुकान आहे, तिथनं मी जूनमध्ये हे काळे पीव्हीसीचे गमबूट घेतले, ४८० रुपयाला. सात महिने रोज आठ-नऊ तास पायात आहेत म्हणून आता लिहितोय. मी प्राणिसंग्रहालयात अ‍ॅनिमल कीपर आहे, हरणांच्या सेक्शनला, आणि गावाकडची पोरं सारखी विचारतात की दादा या लाईनला यायचं तर काय काय लागतं. त्यांना मी पहिलं हेच सांगतो, बूट चांगले घे.

कारण हे काम ओल्यातलं आहे. सकाळी गेलं की आधी मोजदाद, एकूण एक डोकं मोजायचं, कोण लंगडतंय, कोण कळपातनं बाजूला उभंय, कालचा चारा कुणी तसाच ठेवलाय, लेंड्या रोजच्यासारख्या आहेत का पातळ, सगळं वहीत लिहायचं आणि मग झाडलोट करून पाईप लावून धुवायचं. वाघ-बिबट्याच्या सेक्शनलाही धुणं हेच, फक्त तिथं जनावर एका खोलीत घेऊन मधलं दार पडलं, कुलूप लागलं हे दोनदा बघितल्याशिवाय दुसऱ्या खोलीत पाय टाकायचा नाही.

याआधी एक जोड ऑनलाईन मागवला होता. घोट्यावर घडी पडते तिथंच दोन महिन्यांत चीर गेली, दिवसभर मोजा ओला, बोटांच्या बेचक्यात अशा चिखल्या झाल्या की रात्री झोप नाही. या जोडाला घोट्यापाशी पीव्हीसी जाड आहे, वाकवून बघितलं तरी कळतं, अजून एक रेघ पण उमटली नाही.

मला सगळ्यात आवडला तो तळ. रेघा रुंद आणि खोल आहेत, पाईपच्या एका फवाऱ्यात शेण-लेंडी निघून जाते. हे बारीकसं वाटेल पण लय महत्त्वाचं आहे. आमच्याकडं आत जाताना पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बूट बुडवूनच जायचं असतं, म्हणजे एकीकडचा रोग दुसरीकडं जात नाही, आणि तळाला घाण चिकटलेली असली की ते औषध आत पोचतच नाही, त्याची ताकद त्या घाणीतच संपते. लाळ्या खुरकूत, म्हणजे तोंडात आणि खुरात फोड येणारा साथीचा रोग, गोठा असलेल्या माणसाला सांगायला नको. तोच रोग चितळ, सांबर, गवा सगळ्यांना होतो, खूर दुभंगलेलं कुठलंच जनावर त्यातनं सुटत नाही, आणि तो आपल्या बुटातनं सुद्धा आत जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र नवीन माणसानं लक्षात ठेवावी. पहिल्या दिवशी हे बूट ओल्या फरशीवर चर्रचर्र वाजत होते. मी नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या दारानं आत गेलो तर चितळांनी एकदम माना वर केल्या, शेपट्या उभ्या, एका मादीनं पाय आपटला. मी आहे तिथंच थांबलो, हळू आवाजात बोलत राहिलो, मग मागं सरत बाहेर आलो. चितळ एकदा बिथरलं की जाळीवर जाऊन आदळतं, आणि लय पळालं तर त्या ताणानं स्नायूच निकामी होतात, जनावर तेव्हा धड दिसतं आणि नंतर दगावतं. त्या रविवारी बूट गावी आणले, गोठ्यात न नेता घरात-अंगणातच दोन दिवस घातले, आईनं पण अंगण धुताना घातले, आवाज मोडला, नवा वासही गेला. नंतर कळपानं बघितलं पण नाही माझ्याकडं.

कमी काय आहे तर आतलं कापड लवकर वाळत नाही, पावसाळ्यात रात्रभर पेपर कोंबून ठेवायला लागतो. पुढं लोखंडी टोपी नाही, खाद्याचं घमेलं पायावर पडलं तेव्हा नख काळंनिळं झालं. दुकानदार काकांनी मात्र घाई केली नाही, जाड मोजे घालून एक नंबर मोठा घ्यायला लावला, बाहेर पायरीवर पाणी ओतून चालून बघ म्हणाले.

पोरांसाठी अजून एक. जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर बारावीनंतरची नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, साडेपाच वर्षं लागतात. कीपरच्या जाहिराती महापालिकांच्या निघतात, त्यात अनुभव मागतात, म्हणून बरेचजण आधी कंत्राटावर लागतात, मी पण तसाच लागलो. सणाला सुट्टी मिळेलच असं नाही, जनावराला दिवाळी काय आणि बुधवार काय, खायला रोज लागतं.

पाचपैकी चार देतो, एक त्या कापडाचा कापला. पुढच्या रजेला आलो की अजून एक जोड न्यायचाय, आमच्या सेक्शनच्या जुन्या काकांना, आठ नंबर, पैसे त्यांनी आधीच हातात ठेवलेत.