रामशेज: 'भुताच्या गडा'वर जाण्याआधी

नाशिकहून पेठ रस्त्याने १४-१५ किलोमीटर गेलं की आशेवाडीचा फाटा लागतो आणि मागे रामशेज दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. आजूबाजूला ना रान, ना दरीखोरी. उघड्या माळावर सुटा उभा राहिलेला डोंगर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट असली तरी नाशिकचा परिसरच २,००० फुटांवर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढ पाऊण तासात संपतो. हा बुटकेपणा नीट बघून घ्या, कारण गडाची भुताटकीची गोष्ट त्यातूनच निघाली.

१६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने पहिला वेढा इथे घातला. मोगल सरदार शहाबुद्दीन खानाला वाटलं, एवढासा किल्ला सहज पडेल. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी लाकूड पोखरून त्यावर कातडं चढवलं आणि त्याच तोफांनी मारा केला. खानाने खालून लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा उंच मचाण, उभारला, तरी काही साधलं नाही. मग बहादूर खान आला. एका बाजूने हल्ल्याचा देखावा करून दुसऱ्या बाजूने अंधारात निवडक माणसं चढवायची, असा त्याचा डाव होता. गडकऱ्यांनी देखाव्याच्या बाजूला नगारे आणि आरडाओरडा चालू ठेवला, खऱ्या बाजूला मात्र गुपचूप दबा धरला. वर डोकं काढणाऱ्यांवरच घाव बसले.

तेव्हा मोगल छावणीत बोलणं सुरू झालं की गडाच्या किल्लेदाराला भुतं वश आहेत. उतारा म्हणून एक मांत्रिक पुढे आला. त्याने १०० तोळे सोन्याचा नाग घडवून मागितला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चढू लागला. अर्ध्या वाटेवर गोफणीचा धोंडा छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. मोगल इतिहासकार खाफीखानाने हे सगळं मोगलांच्याच बाजूने लिहून ठेवलं आहे. म्हणजे इथली भुतं गावाने रचलेली नाहीत, हरणाऱ्या फौजेने रचली. शेवटी १६८७ मध्ये किल्ला गेला तो पैसे घेऊन फितूर झालेल्या किल्लेदारामुळे.

आता वाट. नाशिकहून पेठकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते. पुढे गावापर्यंत चालायचं. गावातून मळलेली वाट थेट चढाला लागते. सुरुवातीला माती आणि बारीक घसारा, पुढे पायऱ्या. चुकण्यासारखं काही नाही. पायऱ्यांच्या वाटेवर कातळातल्या गुहेत रामाचं मंदिर आहे. श्रीरामाने इथे विश्रांती घेतली म्हणून रामाची शेज, अशी नावामागची श्रद्धा. मंदिराजवळच पाण्याचं टाकं आहे. तरी माणशी २ लिटर पाणी खालूनच न्यावं, कारण माथ्यावर सावली जवळपास नाही आणि टाक्याचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं.

मंदिरापासून कातळकोरीव पायऱ्यांनी दरवाजातून वर आलं की बहुतेक जण झेंड्यापाशी फोटो काढून परत फिरतात. ही सगळ्यात मोठी चूक. माथ्यावरचा चोरदरवाजा जमिनीत खोदलेला आहे. सपाटीवरून तो दहा पावलांवर आला तरी दिसत नाही. तळघरात उतरावं तसं खाली उतरायचं, की कड्याकडे तोंड निघतं. विजेरी जवळ ठेवा आणि उतरताना हाताने भिंत धरा, पायऱ्यांवर माती साचलेली असते. मग माथ्यावरची टाकी मोजत फिरा. वेढा वर्षानुवर्षं कसा सोसला याचं अर्धं उत्तर त्या पाण्यात आहे. उरलेलं कड्याच्या काठावर कळतं: खाली वाकून बघितलं की कुठल्याही बाजूने येणारा माणूस आडोशाशिवाय दिसतो. उघडा माळ गडाला अडचणीचा वाटतो खरा, पण तो वेढा घालणाऱ्याच्या जास्त अडचणीचा होता.

जाण्याचे दिवस सप्टेंबर अखेर ते फेब्रुवारी. पावसात गवत सुंदर असतं, पण कातळपायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि घसरणं बहुतेक उतरतानाच होतं. तळ झिजलेले बूट नकोत. एप्रिल-मेमध्ये सकाळी ७ च्या आत चढाई सुरू करावी. सगळं नीट बघून खाली यायला ३ तास पुरतात. भुतं शोधायला रात्री जाण्याचा बेत मात्र सोडून द्या. काठाला कठडे नाहीत, गवतात कडा कुठे संपतो ते कळत नाही, आणि गुहेतलं मंदिर गावाचं पूजास्थान आहे, तिथे रात्रीचा गोंधळ घालणं बरं नव्हे.

एकच मोठी उणीव: वेढ्याचा इतिहास माहीत नसेल तर वर नुसते दगड दिसतात. वर जाण्याआधी तो वाचून जा, किंवा जाणता माणूस सोबत घ्या. दिवस हाताशी असेल तर परतताना चांभारलेणी ही जैन लेणी करा. समोरच्या भोरगडावर वायुदलाचा तळ आहे, तिकडे चढण्याचा विचार करू नका.