सिंगल का ड्युअल? डब्ल्यूआरएक्सवर दोन्ही एक्झॉस्ट वापरून झाल्यावर

गाडी २०१७ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, सहा गिअरची मॅन्युअल, इंजिन आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) कंपनीचंच, त्याला हात लावलेला नाही. राहायला कॅलिफोर्नियात फ्रीमाँट, ऑफिस सनीवेल, म्हणजे रोज ८८० आणि २३७ ह्या हायवेंचं रडकं ट्रॅफिक, आणि रविवारी पहाटे उठायला जमलं तर स्कायलाईन किंवा हायवे ९ हे डोंगरातले वळणांचे रस्ते. आधी बरेच महिने सिंगल एक्झॉस्ट (मागे एकाच बाजूला तोंड) होता (एका मित्राने गाडी विकायला काढली तेव्हा त्याने काढून ठेवलेला, मला स्वस्तात मिळाला), आणि मागच्या हिवाळ्याच्या आधीपासून ड्युअल (दोन्ही बाजूंना एकेक तोंड) लावलाय. दोन्ही कॅटबॅक (म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, थोडक्यात कॅटच्या, मागचा सगळा भाग), दोन्ही ३ इंची, दोन्ही ३०४ स्टेनलेस स्टील. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, कारण नावं टाकली की सगळी चर्चा तिकडेच जाते आणि मुद्दा बाजूला राहतो.

पॉवरचं आधी संपवून टाकतो, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. सिंगलने जास्त का ड्युअलने? कशानेच नाही हो. म्हणजे स्टॉकपेक्षा दोन्ही थोडे मोकळे आहेत, पण एकमेकांत फरक शोधायला गेलात तर सापडणार नाही. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) आकडे नोंदवणारा लॉगर लावून तिसऱ्या गिअरमधे अडीच हजारापासून वरपर्यंत खेचून बघितलं, दोन्हीला बूस्ट (टर्बो इंजिनात दाबतो त्या हवेचा दाब) जवळपास सारख्याच आरपीएमला भरतो, आणि जो काही फरक दिसला त्याहून जास्त फरक थंड सकाळ आणि तापलेली दुपार यांच्यात दिसतो.

असं का, तर ह्या गाडीचं इंजिन एफए२०, २ लिटरचं बॉक्सर, २६८ हॉर्सपॉवर, टर्बो एकच आणि तो इंजिनच्या खाली पुढच्या बाजूला. चारही सिलिंडरचा धूर त्या एका टर्बोतून जातो, मग जे-पाईप (टर्बोपासून निघणारा वळणदार पाईप), त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि तिथून पुढे एकच पाईप मागच्या ॲक्सलपर्यंत. स्टॉक गाडीला मागे चार टिपा (पाईपांची बाहेर दिसणारी तोंडं) दिसतात ना, त्या सगळ्या ह्या एका पाईपला शेवटी वाय करून काढलेल्या आहेत. म्हणजे ज्याला आपण ड्युअल म्हणतो तो खरं तर तीन चतुर्थांश सिंगलच असतो. खरा ड्युअल म्हणजे व्ही८ मस्टँगसारखा, दोन बँका (सिलिंडरच्या रांगा), दोन हेडर (सिलिंडरमधून धूर गोळा करणारे पाईप), दोन पाईप पार मागेपर्यंत. आणि नुसते दोन टर्बो असले म्हणून दोन पाईप पाहिजेतच असंही नाही, निसान जीटीआर आर३५ बघा, व्ही६, दोन टर्बो, तरी दोन्हीकडचे पाईप खाली वायमधे येऊन एक होतात आणि मग मागे परत चार टिपा. तिथे कोणी म्हणत नाही की एका पाईपने इंजिन गुदमरलं.

हिशोबही सोपा आहे. ३ इंची एका पाईपचं तोंड साधारण ४५ चौरस सेंटीमीटर, अडीच इंची दोन पाईपांचं मिळून ६३ च्या आसपास. मोठं दिसतंय खरं, पण धुराला आधी ३ इंची पाईपातूनच यायचंय, आणि त्याच्याही आधी कॅट आणि टर्बोची टर्बाईन (धुराने फिरणारा पंखा) आहे, अडवणूक तिथे आहे. शेवटच्या दोन फुटांत रस्ता रुंद करून काय मिळणार. वर ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) बूस्टचं टार्गेट ठरलेलं असतं, एक्झॉस्ट मोकळा झाला तर तो वेस्टगेट (टर्बाईनला वळसा घालून धूर सोडणारी झडप) थोडा जास्त उघडतो आणि बूस्ट परत तिथेच आणून ठेवतो.

आणि ते 'थोडं बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर खालचा टॉर्क जातो' हे प्लीज थांबवा (बॅकप्रेशर म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला अडवणारा दाब). हे बिनटर्बोच्या इंजिनवरून आलेलं आहे आणि तिथेही अर्धवटच खरं आहे, तिथे पाईपातल्या धुराचा वेग आणि एका सिलिंडरच्या झटक्याने दुसऱ्याचा धूर ओढला जाणं हे महत्त्वाचं असतं, प्रेशर नाही. टर्बो गाडीत ती सगळी गंमत टर्बाईनच्या आधी होते, म्हणून तर ट्विनस्क्रोल टर्बोत सिलिंडरच्या जोड्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. टर्बाईन फिरते ती आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरच्या फरकावर, त्यामुळे नंतर जितकं कमी तितकं चांगलं. टर्बाईनच्या पुढे धुराने काय करावं, तर निमूट बाहेर जावं.

मग पैसे कशाचे मोजतो आपण? आवाजाचे. इथे मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सिंगल चालू केला की पहिले पंधरा दिवस भारी वाटतं. थंड इंजिनला तर काय विचारू नका, शेजारचा कुत्रा माझ्यामुळे उठायचा. आवाज थोडा कोरडा, करकरीत, चार हजाराच्या वर एकदम टोकदार. जुन्या सुबारूची ती बुडबुड मात्र विसरा, ती जुन्या ईजे इंजिनांना होती कारण त्यांचे हेडरचे पाईप कमीजास्त लांबीचे होते, एफए२० ला ते जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत, त्यामुळे मागे एक लावा नाहीतर चार, ती बुडबुड येत नाही. यूट्यूबवर ऐकून एक्झॉस्ट घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्या, त्यातल्या निम्म्या गाड्यांना हेडर बदललेले असतात.

माझ्या सिंगलला सायलेन्सर एकच, मधे रेझोनेटर (ठरावीक सूर मारणारा मधल्या पाईपातला डबा) छोटासा, आणि टिप एका बाजूला. सहाव्या गिअरमधे ६५-७० मैलांवर सुई अडीच ते तीन हजाराच्या मधे असते आणि नेमकी तिथेच गाडी घुमायला लागते. आवाज मोठा असतो असं नाही, पण कानाच्या आत दाबल्यासारखं होतं. चार सिलिंडरच्या इंजिनला त्या आरपीएमला साधारण ८५ ते १०० हर्ट्झचा सूर निघतो आणि केबिन तोच सूर पकडून बसते. एकटा असताना गाणी मोठी लावून चालायचं, पण एल.ए. ला आईबाबांना घेऊन जाताना आय-५ वर बाबा गप्प बसले होते आणि कोलिंगाच्या पुढे आई म्हणाली, "अरे, ही गाडी सारखी हुंकार का भरतेय?" त्यानंतर लॉस एंजेलिसपर्यंत मी चौथ्या-पाचव्या गिअरमधे आरपीएम बदलत बसलो.

ड्युअलला हे जवळजवळ गेलं. पण, आणि हे नीट वाचा, ते दोन टिपा आहेत म्हणून गेलं नाही. गेलं कारण ह्या सेटमधे मधला रेझोनेटर लांब आहे आणि मागे दोन बऱ्यापैकी मोठे सायलेन्सर आहेत. सिंगलमधेही लांब रेझोनेटर किंवा बाजूला बंद टोकाची क्वार्टर वेव्हची नळी (तो एक सूर मारण्यासाठी त्याच्या लहरीच्या पाव लांबीची) घातलेले सेट मिळतात. गरम धुरात ९० हर्ट्झसाठी ती नळी सव्वा मीटरच्या आसपास लागते, ती गाडीखाली बसवायला जागा काढणं हीच काय ती कटकट. म्हणून विकत घेताना 'सिंगल का ड्युअल' विचारायच्या आधी मधे रेझोनेटर आहे का आणि केवढा आहे ते विचारा. विकणारे फोटो कायम मागच्या टिपांचे टाकतात, मधल्या पाईपचा फोटो मागून घ्यावा लागतो.

दोन टिपांचा एक खराखुरा फायदा आहे, आवाज दोन्हीकडे वाटला जातो. एकेका तोंडातून अर्धी ऊर्जा म्हणजे तिथे ३ डेसिबलने कमी. कॅलिफोर्नियात ६००० पौंडांच्या खालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि माइक टिपेच्या जवळ तिरका धरून मोजतात, त्यामुळे हे ३ डेसिबल कामाचे आहेत. माझा सिंगल बहुतेक पास झाला असता, पण बहुतेक. पोलीस मागे लागला की ह्या 'बहुतेक' वर झोप लागत नाही. (पुण्यातला मावसभाऊ विचारत होता त्याच्या गाडीला असलं काही लावू का, त्याला म्हटलं बाबा तिथे बुलेटवाल्यांचे सायलेन्सर रोडरोलरखाली जातात, तू कशाला लायनीत उभा राहतोस.)

सिंगलच्या बाजूने बोलायचं तर लगूना सेका, इथला रेसट्रॅक. तिथे ट्रॅकडेला (आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) बहुतेक वेळा आवाजाची मर्यादा ९०-९२ डेसिबलच्या आसपास असते, मीटर ट्रॅकच्या कडेला असतो, आणि ओलांडली की काळा झेंडा, म्हणजे ट्रॅकवरून बाहेर. सिंगलवाले टिपेला वळवलेली नळी लावून आवाज मीटरच्या उलट्या दिशेला फेकतात, जुगाड म्हणा पण चालतं. ड्युअलला दोन बाजूंना दोन तोंडं, एक कुठेतरी मीटरकडे बघणारच. तुम्ही वर्षातून बऱ्याचदा ट्रॅकवर जात असाल तर हा मुद्दा छोटा नाही. शिवाय वजन. माझे दोन सेट बाथरूमच्या काट्यावर ठेवले तर पाच-सहा किलोचा फरक निघाला, तोही गाडीच्या पार मागच्या टोकाला. स्टिअरिंगमधे मला काही कळलं नाही, कळतं म्हणणारे भेटलेत, असोत बापडे.

दिसण्याचं म्हणाल तर ह्या गाडीच्या बंपरला दोन्हीकडे खाचा आहेत. सिंगल लावला की एक खाच रिकामी, दात पडल्यासारखी. काही जण तिथे झाकण लावतात. मला सवय झाली होती, बायकोला शेवटपर्यंत झाली नाही.

फिटिंगमधे ड्युअल त्रास देतो. दोन्ही टिपा बंपरच्या खाचांच्या मधोमध आणि एका पातळीत आणायला अर्धा दिवस गेला, एक बाजू बरोबर केली की दुसरी खाली यायची. सगळे बोल्ट आधी सैल ठेवा, रबरी हँगरना साबणाचं पाणी लावा, आणि गाडी तापल्यावर परत बघा, कारण ३०४ स्टील तापून चांगलंच वाढतं, तीन मीटरचा पाईप ३०० डिग्रीने तापला तर दीड सेंटीमीटरने लांब होतो. थंड असताना टिप बंपरला चिकटून सुंदर दिसत असेल तर तापल्यावर प्लास्टिकला लागणार. जुने गॅस्केट परत वापरू नका, दहा-पंधरा डॉलर वाचवायला जाल आणि वायच्या जोडापाशी फुसफुस ऐकत बसाल.

टाहोला बर्फात नेऊन आणल्यावर दोन्ही सेटना वरवरचे पिवळट डाग पडले, गंज नाही. काजळी मात्र भरपूर धरते, डायरेक्ट इंजेक्शन इंजिनच तसं आहे, टिपा पुसून पुसून कंटाळा येतो आणि ड्युअलला तर पुसायच्या दोन.

एक कायद्याचं. वरचं सगळं फक्त कॅटबॅकबद्दल आहे, म्हणजे कॅटच्या मागचं. कोणी म्हणेल आता पैसे घातलेच आहेत तर जे-पाईपही बदल, खरी पॉवर तिथे आहे. आहे, ते खोटं नाही. पण त्यात कॅट काढला की स्मॉगमधे (इथल्या धुराच्या सरकारी तपासणीत) नापास झालात, ट्यूनशिवाय बूस्ट हाताबाहेर जाऊ शकतो, आणि ट्यून केलं तर २०२१ पासून इथे स्मॉगमधे ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला मी ते करणार नाही.

माझ्या गाडीवर ड्युअल राहणार. महाग पडला, जड आहे, टिपा पुसाव्या लागतात, पण रोजच्या तासभर ड्रायव्हिंगमधे डोकं दुखत नाही आणि कॅल्डेकॉट बोगद्यात खिडक्या खाली करून तिसरा गिअर टाकला की जेवढा पाहिजे तेवढा आवाज मिळतो. एकटे फिरत असाल, ट्रॅकवर जात असाल, बजेट कमी असेल तर चांगल्या रेझोनेटरचा सिंगल घ्या, पॉवरमधे एक पैशाचं नुकसान नाही.

आणि २०२२ नंतरची नवी डब्ल्यूआरएक्स असलेल्यांनी ह्यातले पार्ट शोधू नका, तिला २.४ लिटरचं एफए२४ आहे, बॉडीच वेगळी आहे, २०१५ ते २०२१ चा कॅटबॅक तिला बसत नाही.